शिशाच्या जागेतली भाजी

सिंदी मेघेला आम्ही घर बांधलं तेव्हा आजूबाजूला फारशी वस्ती नव्हती. दोन खोल्या, पुढे ओटा आणि मागे बरीच मोकळी जागा. त्या जागेत आमच्या आधी एक माणूस ट्रकच्या जुन्या बॅटऱ्या फोडायचा आणि त्यांतलं शिसं भट्टीत वितळवून विकायचा. आम्ही आलो तेव्हा तो केव्हाच निघून गेला होता. भट्टीच्या विटा, काळ्या खोक्यांचे तुकडे आणि राखेसारखी माती एवढंच मागे उरलं होतं. विटा आम्ही न्हाणीला वापरल्या, तुकडे वेचून टाकले, आणि ती गोष्ट विसरून गेलो. सत्तरच्या दशकातली सुरुवातीची वर्षं होती ती. माती बघून घाबरायचं असतं, हे कुणाच्या डोक्यातही नव्हतं.

माझे यजमान वर्ध्यातल्या एका छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची अक्षरं, जुळवायचे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, कधी शाळांच्या परीक्षेचे पेपर. एकेक अक्षर उचलून ओळीत बसवायचं, छपाई झाली की पुन्हा सोडवून खणात टाकायचं. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा बोटांची टोकं करडी झालेली असायची. ती अक्षरं शिशाची असतात हे मला लग्नानंतर कळलं. माझं माहेर वडनेरचं, घरात सगळे शेतकरी. अक्षरं कशाची असतात याचा विचार मी कधी केला नव्हता.

सासूबाई गावाकडे, रोहण्याला वारल्या आणि काही महिन्यांनी मामाजी आमच्याकडे राहायला आले. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात. गावचं शेतवावर थोरले दीर बघत होते, त्यांच्या घरात माणसं पुष्कळ होती, आणि मामाजींनाच त्या घरात सासूबाईंशिवाय राहवत नव्हतं. पण जन्मभर कपाशीच्या पऱ्हाटीत आणि तुरीत वावरलेला माणूस आमच्या ओट्यावर बसून करणार काय? सुरुवातीला ते रस्त्याने जाणाऱ्या सायकली बघत बसायचे. मग एका सकाळी घरामागून कुदळीचा आवाज यायला लागला.

"मामाजी, काय करून राह्यले?" मी मागच्या दारातून विचारलं.

"भाजी लावतो, बाई. एवढी जागा पडून हाय अन् आपण पालक बाजारातून आणतो. मले लाज वाटते."

त्या हिवाळ्यात काही आलं नाही. मेथी बोटभर वर आली आणि पिवळी पडली. पालकाची पानं नखाएवढी झाली आणि तिथेच थांबली. सांबार, म्हणजे तुमची कोथिंबीर, उगवलाच नाही. मामाजींनी मूठभर माती उचलून नाकाशी धरली आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली.

"हिले वासच नाई," ते म्हणाले. "उपाशी हाय बिचारी. खाऊ घातल्याशिवाय देईन कुठून?"

मग त्यांनी तिला खाऊ घालायला घेतलं. जवळच एका गवळ्याचा गोठा होता, तिथून ते डोक्यावर टोपलं घेऊन शेण आणायचे. नंतर गवळ्यानेच आपली बैलबंडी द्यायला सुरुवात केली. जागेच्या कोपऱ्यात त्यांनी खड्डा खणला. शेण, पालापाचोळा, चुलीतली राख, गोठ्यातला ओला कचरा असे थर लावून तो वर्षभर कुजवला. कच्चं शेण घातलं तर मुळं जळतात म्हणून मधूनमधून खड्डा उकरून बघायचे. खत तयार झालं की शेणाचा वास जाऊन ते काळं, भुसभुशीत व्हायचं, आणि मामाजी ते मुठीत घेऊन मला दाखवायचे, एखादी बाई नवं लुगडं दाखवते तसं. मेंढ्या घेऊन धनगर जायचे तेव्हा त्यांना चहा पाजून कळप आमच्या जागेत बसवायला सांगायचे. सकाळी सगळीकडे लेंड्या पसरलेल्या असायच्या, आणि मामाजी खुशीत असायचे.

दोन-तीन हंगाम गेले. आणि मग ती जमीन अशी काही हिरवी झाली की रस्त्यावरची माणसं थांबून बघायची. पालकाची पानं तळहाताएवढी. मेथी, चवळी, अंबाडी, सांबार. एका बाजूला भाजी खुडावी तर दुसऱ्या बाजूला तयार. आम्ही खाऊन उरायची ती मामाजी शेजारीपाजारी वाटायचे. विकायला त्यांनी ठाम नकार दिला. जुड्या बांधून स्वतः घरोघर जायचे आणि "सूनबाईनं पाठवली" म्हणून माझं नाव सांगायचे.

त्याच वर्षांत आमची मुलगी झाली.

ती चालायला शिकली ती वाफ्यांमधल्या बांधांवर. मी स्वयंपाकात असायची, यजमान छापखान्यात, आणि ती दिवसभर आबाजींच्या, म्हणजे मामाजींच्या मागे. ते खुरपायला बसले की ती त्यांच्यासमोर फतकल मारून बसायची, त्यांच्यासारखीच माती उकरायची, बोटं चोखायची, मेथीचा शेंडा तोडून तोंडात टाकायची. ती फार लवकर बोलायला लागली. लोक नवल करायचे. दोन वर्षांची व्हायच्या आत तिला सगळ्या भाज्यांची नावं येत होती आणि कुणी वाफ्यात पाय ठेवला तर ती कमरेवर हात ठेवून म्हणायची, "काऊन आले इकडं? आबाजी रागावतीन!"

मामाजी रागावणार कसले. तिचा शब्द ऐकून ते खुरपं खाली ठेवून हसायचे.

तिला तिसरं लागलं आणि पोट दुखायला लागलं. सुरुवातीला आम्ही बेंबीला हिंग लावला. मग जंताचं औषध दिलं. शौचाला होत नव्हतं, भूक गेली, रंग उतरला. रात्रंदिवस किरकिर करायची. जवळच्या डॉक्टरांनी डोळ्यांच्या पापण्या ओढून बघितल्या आणि म्हणाले की रक्त कमी आहे, हिरव्या भाज्या द्या भरपूर.

भाजी तर आमच्या दारात होती. मामाजी सकाळी दंव असतानाच जायचे आणि पालकाची अगदी कोवळी पानं निवडून आणायचे. मी त्याची पातळ भाजी करायची, भाकर कुस्करून घालायची, आणि ती तोंड फिरवायची तेव्हा मामाजी स्वतः घास घेऊन बसायचे. "एक आबाजीचा. एक चिमणीचा. खा माय, खा." कसेबसे चार घास जायचे आणि आम्हाला हायसं वाटायचं.

मग ती चालताना पडायला लागली. सगळ्यात भीती वाटली ती शब्द हरवायला लागले तेव्हा. आधी चवळी गेली, मग अंबाडी. मी वाफ्याकडे बोट दाखवून विचारायची, "हे काय आहे गं?" आणि ती माझ्या तोंडाकडे बघत राहायची. एका दुपारी जेवताना तिचे डोळे वर गेले आणि सगळं अंग ताठ होऊन झटके यायला लागले. मामाजींनी तिला उचललं आणि ते अनवाणी रस्त्यावर धावत सुटले. मी मागे. रस्त्यात एका टेम्पोवाल्याने आम्हाला मोठ्या दवाखान्यात पोचवलं.

तिथल्या डॉक्टरांनी तिच्या हिरड्या बघितल्या. हिरड्यांच्या कडेला निळसर काळी रेघ होती, ती मी रोज दात घासून देताना बघत होते आणि मला ती मळ वाटत होती. त्यांनी गुडघ्यांचा एक्स-रे काढला आणि खिडकीच्या उजेडात धरून आम्हाला दाखवला. हाडांच्या टोकांना पांढरे ठळक पट्टे होते.

"हे शिसं आहे," ते म्हणाले. "घरात कोणी शिशाचं काम करतं का? रंग, बॅटरी, छापखाना?"

यजमान माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी आपले दोन्ही हात पुढे केले, पालथे, आणि मग उताणे. डॉक्टरांना समजलं.

मुलीला इंजेक्शनं सुरू झाली. ती वाचली. पण आमच्या घरातलं एक माणूस त्या दिवसापासून घरात असून नसल्यासारखं झालं. यजमान छापखान्यातच अंघोळ करून, कपडे बदलून यायला लागले. घरी आल्यावर पुन्हा दगडाने घासून हात धुवायचे, इतके की कातडी सोलवटायची. जेवण ओट्यावर, झोपणं ओट्यावर. मुलगी "बाबा" म्हणून लटपटत त्यांच्याकडे निघाली की ते उठून फाटकाबाहेर जायचे. नोकरी सोडायचंही त्यांनी ठरवलं होतं, पण त्यांना दुसरं काही येत नव्हतं. ते मला एकदा म्हणाले, "मी जगाच्या लग्नपत्रिका जुळवल्या, अन् माह्याच पोरीच्या हाडात खिळे घातले."

मामाजी मुलाला समजवायचे. "अरे, औषध लागू पडलं नं तिले. आता होते बरी. हिरवं खाऊ घालतो मी तिले, रक्त भरून येते."

आणि ते कोवळी पानं निवडून आणत राहिले.

काही महिने ती बरी होती, मग पुन्हा तेच. पोटदुखी, किरकिर, फिकट चेहरा. बापाने तर तिला बोटही लावलं नव्हतं. डॉक्टर चक्रावले. त्यांच्या हाताखालची एक तरुण डॉक्टरीणबाई आमचं घर बघायला आली. तिने चूल बघितली, पाण्याची घागर बघितली, भिंतींचा रंग नखाने खरवडून बघितला. मग मागच्या दारातून बाहेर गेली आणि वाफ्यातून एक काळा तुकडा उचलून विचारलं, "हे कशाचं?"

मी सांगितलं. बॅटऱ्यांचं, भट्टीचं, सगळं. मामाजी खतावर पाणी मारत होते. त्यांनी बादली खाली ठेवली.

डॉक्टरीणबाईने माती नेली, पालक नेला, न्हाणीच्या विटेचा तुकडासुद्धा नेला. तपासणीला बराच काळ लागला. निकाल सांगायला तिच्याबरोबर शेतकी कॉलेजात शिकवणारे एक गृहस्थ आले. ओट्यावर बसले. माणूस सरळ होता, मोठ्याने बोलायचा नाही. माती शिशाने भरलेली आहे, पालकात ते उतरलं आहे, आणि त्याहून जास्त मुलीच्या हातांवाटे, धुळीवाटे पोटात गेलं असावं, असं त्यांनी सांगितलं.

"मी तं एवढं खत घातलं," मामाजी म्हणाले. "वर्षामागून वर्ष घातलं. त्यानं माती शुद्ध नाई झाली?"

"शेणखतानं शिसं जात नाही, बाबा. खत त्याला धरून ठेवतं, बांधून ठेवतं. म्हणून तर पानांत जितकं उतरायला हवं होतं त्याहून कमी उतरलं. खत घातलं नसतं तर भाजी याहून वाईट असती. तुम्ही चुकीचं काही केलं नाही."

"खत घातलं नसतं तं भाजी आलीच नसती, साहेब," मामाजी म्हणाले. "अन् हिरवं दिसलं नसतं तं माही नात तिथं कायले गेली असती?"

यापुढे तिथे पालेभाजी लावू नका, जमीन उघडी ठेवू नका, धूळ उडू देऊ नका, वर चांगली माती आणि कुजलेलं खत घालून गवत वाढवा, लहान मूल तिकडे जाऊ देऊ नका, न्हाणी पाडून टाका, एवढं सांगून ते गृहस्थ उठले.

यजमान दारात उभे राहून ऐकत होते. पाहुणे फाटकाबाहेर गेल्यावर मामाजी त्यांच्याकडे वळले. मला वाटलं, आता ते रडतील. पण त्यांच्या चेहऱ्यावर मला वेगळंच काही दिसलं, जणू एखादं ओझं दुसऱ्याच्या डोक्यावरून उतरवून घ्यायला ते पुढे झाले होते.

"ऐकलं नं?" ते म्हणाले. "तुह्यानं नाई झालं. माह्यानं झालं. जा, घे तिले."

"बाबा, तसं नाई..." यजमान म्हणाले.

"घे म्हणतो नं! किती दिवसाची पाहून राह्यली ते तुह्याकडं."

यजमान आत गेले. मुलगी खाटेवर बसली होती. त्यांनी तिला उचललं, छातीशी धरलं आणि तिच्या मानेत तोंड खुपसून हुंदके द्यायला लागले. तिला काही कळेना. ती त्यांचे केस ओढत होती. मी मागे वळून बघितलं तर ओट्यावर कुणी नव्हतं. मागच्या जागेतून भाजी उपटण्याचा आवाज येत होता.

संध्याकाळपर्यंत एकही रोप उरलं नाही. गवळ्याच्या म्हशींना ती भाजी घालायची नाही हेही मामाजींनी विचारून घेतलं होतं. सगळी त्यांनी खोल खड्ड्यात पुरली. दुसऱ्या दिवशी धुतलेलं धोतर नेसून ते ज्या ज्या घरी जुड्या दिल्या होत्या त्या घरी गेले. मी म्हटलं, मी येते बरोबर. नको म्हणाले. प्रत्येक दारात उभं राहून त्यांनी सांगितलं की मी दिलेल्या भाजीत शिसं होतं, लेकरांना दवाखान्यात दाखवून आणा. कुणी त्यांना बसवून पाणी दिलं. कुणी हसलं, आम्हाला काही झालं नाही म्हणालं. एका बाईने, जिच्या मुलाला आधीपासूनच पोटाचा त्रास होता, तिने त्यांच्या तोंडावर दार लावलं. तिच्या मुलाच्या रक्तात पुढे फारसं काही निघालं नाही, पण त्या बाईने आमच्याशी बोलणं टाकलं ते कायमचंच. मामाजी परत आले आणि त्या दिवशी जेवले नाहीत.

त्यानंतर पालेभाजी त्यांनी कधी तोंडात घातली नाही. लग्नाच्या पंगतीतही नाही.

मुलीपासून ते लांब राहायला लागले. आधी तिचे बाबा असेच लांब राहायचे. ती जवळ आली की मामाजी हात पाठीमागे न्यायचे. "आबाजीचे हात खराब हायेत, माय," म्हणायचे. हात कोपरापर्यंत धुतलेले असायचे तरी. मी कितीदा सांगितलं, मामाजी, घ्या तिला, काही होत नाही. यजमानांनी सांगितलं. डॉक्टरांनी सांगितलं. त्यांनी ऐकलं नाही. ती फाटकाशी उभी राहून "आबाजी, आबाजी" करायची आणि ते बाहेरून, तिच्याकडे न बघता, तिच्याशी बोलत राहायचे.

पण खत घालणं त्यांनी सोडलं नाही. न्हाणी पाडली, नदीकडची माती बंड्यांनी आणून पसरली, आणि त्यावर दरवर्षी उन्हाळा उतरताना खताचा थर. आता त्यात खाण्याचं काही पेरायचं नव्हतं. हरळी वाढायची, कडेला झेंडू. शेजारचे म्हणायचे, म्हातारा वेडा झाला, गवताला कोणी खत घालतं? मामाजी टोपलं भरायचे, रिकामं करायचे. खत शिशाला धरून ठेवतं हे त्या गृहस्थांचं बोलणं त्यांनी मनात घट्ट धरलं होतं.

ऐंशी सालानंतर त्यांचा उजवा हात मनगटातून लोंबायला लागला. टोपलं धरता येईना. डॉक्टरांना त्यांचंही रक्त बघायचं होतं, इतकी वर्षं त्या मातीत हात होते म्हणून.

"माह्यं कायले पाहता?" ते म्हणाले. "माह्यं झालं आता जगून."

ते गेले तेव्हा मुलगी शाळेत होती, आपल्याहून लहान मुलांच्या वर्गात. तिला पुन्हा झटके आले नाहीत, तब्येतही भरली. शब्द बरेचसे परत आले, सगळे नाही. आकडे तिला जमलेच नाहीत. वाचताना ओळीच्या शेवटी पोचेपर्यंत ओळीची सुरुवात तिच्या हातून सुटायची. यजमान तिला छापखान्यातून मोठ्या टायपात तिचं नाव छापून आणून द्यायचे, जाड कागदावर, चांगल्या शाईने. कागद आधी पुसून आणि हात धुऊन. ती तो कागद भिंतीला लावायची आणि बोटाने अक्षरं गिरवायची.

मामाजी वारल्यावर खताचं काम मी घेतलं. गवळी अजून बंडी पाठवतो. जागेसाठी माणसं विचारायला येतात, सिंदी मेघेला आता घरं दाटली आहेत. यजमान कुणालाच देत नाहीत. घेणारा तिथे भाजी लावणार नाही असं कोण सांगू शकतं?

मुलगी आता माझ्याएवढी उंच झाली आहे. कणीक छान मळते, गाईला घास घालते, शेजारच्या लेकरांना अंगाखांद्यावर खेळवते. मधूनच मागच्या दारात उभी राहून विचारते, "आई, एवढी जागा हाय, आपण मेथी काऊन नाई लावत?" मी तिला पहिल्यापासून सांगते. बॅटऱ्यांचं, आबाजींचं, तिच्या आजाराचं. ती मन लावून ऐकते, तिच्या डोळ्यांत पाणी येतं, "बिचारे आबाजी," म्हणते. मग विसरते. काही दिवसांनी पुन्हा दारात येऊन तेच विचारते, आणि मी हातातलं काम ठेवून पुन्हा सांगायला बसते.